बधिर पावलांची चप्पल: एका मिशन रुग्णालयातील कार्यशाळेचा अनुभव

माझ्या वडिलांच्या पायात गेली दीड वर्षे जी चप्पल आहे, तिच्याविषयी मला लिहायचे आहे. ती दुकानात मांडलेली मिळत नाही. कुष्ठरोगावर उपचार करणाऱ्या एका ख्रिस्ती मिशन रुग्णालयाच्या आवारात पादत्राणांची कार्यशाळा आहे, तेथे ती ज्याच्या त्याच्या पायाचे माप घेऊन तयार केली जाते. एम.सी.आर. चप्पल या नावाने ती ओळखली जाते. मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे हवेच्या असंख्य बारीक कप्प्यांनी भरलेले मऊ रबर, हा तिचा प्राण आहे. अशा कार्यशाळा कुष्ठरोगाचे काम करणाऱ्या इतरही रुग्णालयांत आहेत आणि माझा अनुभव त्यांपैकी एकीचा आहे. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण तेथील कारागिरांनी तशी विनंती केली. "ताई, चपलेचं लिहा, आमचं नको," असे त्यांचे शब्द होते आणि ते मला पाळायचे आहेत.

माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. बावीस वर्षे मधुमेह सांभाळूनही त्यांच्या पायांतली जाण हळूहळू गेली, आणि ती गेल्याचे आम्हाला कोणालाच कळले नाही, त्यांनाही नाही. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या, तेव्हा त्रास कमी झाला असे समजून घरात सर्वांनी देवाचे आभार मानले होते. एका रविवारी उपासना आटोपून ते पायीच घरी आले आणि आईला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. दुरुस्त करून आणलेल्या चपलेचा एक खिळा तळातून वर आला होता आणि तो उजव्या अंगठ्याच्या मुळाशी रुतला होता. चर्चला जाताना व येताना मिळून तीन किलोमीटर ते त्या खिळ्यावर चालले होते, प्रभुभोजनासाठी रांगेत उभे राहिले होते, आणि त्यांना काहीच जाणवले नव्हते.

जखम चिघळली. तीन महिने पट्ट्या झाल्या, औषधे झाली आणि शेवटी शहरातल्या एका रुग्णालयात अंगठा काढण्याचा सल्ला मिळाला. आमच्या मंडळीतील एका परिचारिकाताईंनी तेव्हा या मिशन रुग्णालयाचे नाव सुचवले. वडिलांनी आधी साफ नकार दिला. आयुष्यभर वर्गात समतेचे धडे देणाऱ्या माणसाच्या तोंडून "महारोग्यांच्या दवाखान्यात?" असे शब्द निघाले. मीही त्या दिवशी शेजाऱ्यांना खोटे सांगितले की आम्ही नातेवाइकांकडे चाललो आहोत. हे लिहिताना मला आज वाईट वाटते, पण ज्यांना तेथे जाण्याची गरज आहे त्यांच्या मनातही हाच अडसर असणार, म्हणून लिहिणे भाग आहे. कुष्ठरोग बहुविध औषधोपचाराने सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो, उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्ग होण्याची शक्यता लवकरच संपते, आणि कार्यशाळेत काम करणारी माणसे तर कित्येक वर्षांपूर्वी बरी झालेली आहेत. मागे राहते ती नसांची हानी. कुष्ठरोगाने मुकी झालेली नस आणि मधुमेहाने मुकी झालेली नस यांत चालण्याच्या बाबतीत फारसा फरक नसतो.

रुग्णालयातील तपासणी साधी पण कसून झाली. नायलॉनचा एक बारीक तंतू, जो दहा ग्रॅम दाबाला वाकतो, तो वडिलांच्या तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून "कळले की सांगा" असे डॉक्टर म्हणाले. वडील डोळे मिटून वाट पाहत राहिले. उजव्या पायावर एकाही ठिकाणी त्यांनी "हो" म्हटले नाही. जखम साफ करून पायाला गुडघ्याखालपर्यंत अंगाबरोबर बसणारे प्लास्टर घालण्यात आले, म्हणजे शरीराचा भार एका ठिकाणी न पडता सगळ्या पायावर वाटला जातो. उघडी जखम बंद करून टाकली म्हणून आम्ही घाबरलो होतो. प्लास्टर मध्ये बदलत सहा आठवडे गेले आणि जखम भरली. अंगठा जागेवर राहिला. त्यानंतर डॉक्टरांनी आम्हाला कार्यशाळेकडे पाठवले आणि बजावले की येथून पुढे वडिलांचा पाय वाचवण्याचे काम चप्पल करील, गोळी नव्हे.

ही चप्पल अशी का आहे हे समजण्यासाठी डॉ. पॉल ब्रँड यांच्याविषयी थोडे सांगावे लागेल. त्यांचा जन्म 1914 साली आजच्या तमिळनाडूतील कोल्ली डोंगरांत मिशनरी दांपत्याच्या घरी झाला. वडील जेसी हे बांधकाम जाणणारे आणि जुजबी वैद्यकी शिकून आलेले गृहस्थ होते. एकदा तीन कुष्ठरुग्ण डोंगर चढून त्यांच्या दारी आले, तेव्हा वडिलांनी गुडघे टेकून त्यांच्या पायांच्या जखमा धुतल्या व बांधल्या, हे दृश्य लहान पॉल यांनी पाहिले होते. पुढे ते शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये असताना, 1929 साली, वडील मलेरियातून उद्भवलेल्या तापाने गेले. पॉल यांनी आधी काही वर्षे सुतारकाम व गवंडीकाम शिकून घेतले, मग ते डॉक्टर झाले आणि 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रवैद्य म्हणून रुजू झाले. आयडा स्कडर यांनी 1900 साली सुरू केलेल्या एका लहानशा दवाखान्यातून ती संस्था वाढली होती.

चेंगलपट्टूच्या कुष्ठधामात कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. कॉक्रेन यांच्याबरोबर फिरताना ब्रँड यांनी एका रुग्णाचा वाकडा झालेला हात हातात घेतला आणि "दाबा" म्हणून सांगितले. त्या हाताची पकड इतकी घट्ट निघाली की त्यांना वेदना झाली. स्नायू जिवंत होते, फक्त काही नसा मेल्या होत्या. त्या क्षणापासून त्यांच्या कामाला दिशा मिळाली. निकामी स्नायूंचे काम चांगल्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, वळवून करून घेण्याच्या शस्त्रक्रिया त्यांनी केल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळतात हा समज त्यांनी खोडून काढला. बोटे झिजतात ती रोजच्या लहानसहान इजांमुळे, कारण इजा झाल्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. बरे झालेल्या तरुणांसाठी वेल्लोरला नव जीव निलयम हे पुनर्वसन केंद्र सुरू झाले. तेथे सुतारकाम करणाऱ्या मुलांचे हात पाहून, कुठली जखम कशाने झाली याचा छडा ते लावत असत.

पायांच्या जखमांचे कारण सापडायला अधिक वेळ लागला. तुम्ही आम्ही चालतो तेव्हा तळव्याचा एखादा भाग दुखू लागला की आपण नकळत पाऊल वेगळे टाकतो, भार दुसरीकडे नेतो, थोडे लंगडतो. बधिर पाय लंगडत नाही. तो हजारो पावले त्याच एका ठिकाणी टाकत राहतो आणि आतून मांस फुटते. यावर उपाय म्हणून लाकडी पादत्राणे, निरनिराळी प्लास्टिके असे बरेच काही करून पाहिल्यावर वेल्लोर आणि जवळच्या कारिगिरी येथील मंडळी या सूक्ष्म कप्प्यांच्या रबरापाशी येऊन थांबली. ब्रँड 1966 साली अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले आणि कुष्ठरुग्णांच्या पायांकडून शिकलेले सगळे त्यांनी तेथे मधुमेहींच्या पायांसाठी वापरले. माझ्या वडिलांना घातलेल्या प्लास्टरचा प्रसार होण्यातही त्यांचा वाटा आहे. वेदना ही देवाची देणगी आहे असे ते मनापासून मानत. बावीस वर्षांच्या मधुमेहानंतर आमच्या घरात आता ते कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

आता कार्यशाळेकडे वळते. एक लांबट खोली, उत्तरेला खिडक्या, भिंतीवर टांगलेले लाकडी ठोकळे, प्रत्येकावर नंबर. रापी, आरी, गोंदाचे डबे, कोपऱ्यात घासण्याचे यंत्र आणि काळ्या-तपकिरी रबराच्या शीटांची चळत. खिळ्यांची पेटी मात्र नाही. या चपलेत एकही खिळा मारत नाहीत. जे काही जोडायचे ते शिवून किंवा गोंदाने चिकटवून. ज्या माणसाच्या पायात खिळा रुतल्यामुळे आम्ही येथवर आलो होतो, तो माणूस हे ऐकून बराच वेळ त्या आरीकडे पाहत राहिला.

माप घेणाऱ्या दादांचे वय साठीच्या पुढे असावे. त्यांनी वडिलांना "जय ख्रिस्त, गुरुजी" म्हणून खुर्चीवर बसवले, स्वतः ठेंगण्या स्टुलावर बसले आणि वडिलांचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. वडील संकोचून पाय मागे ओढू लागले. "राहू द्या, हेच माझं काम आहे," असे म्हणत त्यांनी बोटांच्या खाचा, टाच, भोवऱ्या, जखमेचा नवा व्रण हे सर्व सावकाश पाहिले. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे अर्ध्यावर संपलेली होती. योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात प्रभू कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि पेत्र आधी नको म्हणतो, तो प्रसंग वडिलांनी कितीतरी वेळा रविवारच्या शाळेत शिकवला आहे. पेत्राच्या जागी बसल्यावर कसे वाटते हे त्यांना त्या खुर्चीत कळले, असे ते परतीच्या एसटीत मला म्हणाले.

पुढची पायरी शाईच्या चटईची. बारीक उंचवट्यांच्या एका रबरी चटईला शाई लावून तिच्यावर कागद ठेवतात आणि त्यावरून माणसाला एक पाऊल टाकायला लावतात. जेथे दाब जास्त तेथे शाई दाट उमटते. वडिलांच्या ठशात अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा काळाकुट्ट डाग आला, अगदी जखमेच्याच जागी. दादांनी तेवढ्या जागेभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले आणि तेथील भार आजूबाजूला जावा म्हणून तळाला नेमका कुठे उंचवटा द्यायचा हे ठरवले. आतले रबर दहा मिलिमीटर जाडीचे, रबराचा कठीणपणा मोजण्याच्या शोअर मापाने सुमारे पंधरा, म्हणजे अंगठ्याने दाबल्यास सहज दबेल आणि सोडल्यास पुन्हा वर येईल इतके मऊ असते. खालचा सोल मात्र कठीण, काटा किंवा काच आत येऊ नये असा. अंगठ्यात घालायची वादी नसते, कारण बधिर बोटांना ती धरून ठेवता येत नाही आणि धरली तर खाच कापली जाते. त्याऐवजी वर दोन रुंद पट्टे आणि टाचेमागे एक पट्टा असतो.

आठ दिवसांनी चप्पल न्यायला गेलो, तेव्हा जे पाहिले ते या सगळ्या अनुभवातले माझ्या सर्वांत जवळचे आहे. दादांनी तयार चप्पल हातात घेतली, आतल्या बाजूने आपल्या गालावरून फिरवली, मग कोपराच्या आतल्या मऊ भागावरून फिरवली आणि शेवटी ती माझ्यापुढे धरली. "ताई, आत बोट फिरवून बघा. एखादा टाका टोचतोय का, गोंदाचा खडा राहिलाय का. माझ्या बोटांना कळत नाही." मी बोट फिरवले. डाव्या चपलेत, पट्टा तळाला मिळतो तेथे, दोऱ्याची एक बारीकशी गाठ लागली. त्यांनी ती कापली, घासली आणि पुन्हा चप्पल माझ्यापुढे धरली. तीस वर्षे हे काम करणारा कारागीर प्रत्येक जोड देण्याआधी असाच कोणाच्या तरी हातात देतो. कधी सहकारी, कधी नातेवाईक, कोणी नसेल तर बागेतला माळी.

मी त्यांना विचारले की दुसऱ्यावर असे विसंबून राहण्याचा कंटाळा येत नाही का. ते म्हणाले, "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे, असं म्हणतो ना आपण? त्यात 'माझी' कुठं आहे? मला बोटांची जाण नाही, गुरुजींना तळव्याची नाही, तुम्हाला शिवता येत नाही. देवानं असंच वाटून दिलंय." हे बोलताना त्यांचे हात थांबले नव्हते.

कार्यशाळेचा दिवस सकाळी दहा मिनिटांच्या प्रार्थनेने सुरू होतो. त्यात इतर धर्मांचे कारागीरही असतात. बसणे सक्तीचे नाही, काही बाहेर चहा घेत उभे असतात आणि त्यांना कोणी बोलावत नाही. आमच्याही धर्माची चौकशी माप घेण्याआधी कोणी केली नाही. त्या प्रार्थनेत मी एकदा बसले, तेव्हा रबराची शीट संपत आली असल्याचे देवाला सांगितले गेले आणि त्यानंतर लगेच उरलेल्या तुकड्यांतून लहान मुलांच्या मापाचे किती जोड निघतील याचा हिशेब फळ्यावर मांडला गेला. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे हात जोडून वाट पाहणे, असे मी लहानपणापासून कुठेतरी धरून बसले होते. त्या फळ्यावरचा हिशेब मला अजून आठवतो. पॉल ब्रँड यांची आई एव्हलिन पतीच्या मृत्यूनंतरही भारतात राहून काम करत राहिल्या, निवृत्तीच्या वयानंतर स्वतःच्या जबाबदारीवर पुन्हा डोंगरांतल्या लोकांमध्ये गेल्या आणि 1974 साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, याच देशात त्यांचा देह ठेवला गेला. त्यांचा भरवसाही याच जातीचा असावा असे मला वाटते.

चपलेतील उणिवा सांगणे आवश्यक आहे. पट्टे बंद करायला वेल्क्रो आहे. त्यात धूळ व दोरे अडकतात आणि पावसाळ्यात त्याची पकड सैल पडते, म्हणून तो दात घासायच्या जुन्या ब्रशने आठवड्याला साफ करावा लागतो. ओल्या फरशीवर सोल घसरतो. न्हाणीघराच्या दारात आम्ही त्यासाठी पायपुसणे कायमचे ठेवले आहे. पाचव्या महिन्यात उजव्या चपलेचा सोल पुढच्या बाजूने सुटला. नेऊन दिल्यावर त्यांनी तो विनामूल्य चिकटवून दिला, पण त्यासाठी दोन तासांचा एसटीचा प्रवास आणि दिवसभराची वाट पाहणे आलेच. आतले रबर वर्षभरात दबून कठीण होते आणि मग वरून चांगली दिसणारी चप्पलसुद्धा निरुपयोगी असते. कार्यशाळा दुपारनंतर बंद होते. त्यामुळे लांबून येणाऱ्यांना मुक्काम करावा लागतो किंवा पहाटे निघावे लागते.

दिसण्याचा प्रश्न सर्वांत अवघड. काळी, जाड, रुंद पट्ट्यांची ही चप्पल कुष्ठरुग्णाची ओळख होऊन बसली आहे. ती पायात पाहून लोक बाजूला सरकतात म्हणून कित्येक रुग्ण ती घालत नाहीत आणि जखमा करून घेतात. 2005 च्या अखेरीस देशपातळीवर रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आल्याचे जाहीर झाले, परंतु कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी वैयक्तिक कायद्यांतून निघायला 2019 साल उजाडावे लागले. आता ही कार्यशाळा तपकिरी आणि गडद निळ्या रंगांत, बाजारातल्या सँडलसारख्या दिसणाऱ्या चपलाही करते. दादा प्रत्येकाला रंग विचारतात. आमच्यापुढे बसलेल्या एका वृद्ध बाईंनी लाल पट्टा मागितला, तेव्हा कपाटातून लाल चामड्याचा तुकडा शोधून काढण्यात अर्धा तास गेला आणि रांगेतले कोणीही कुरकुरले नाही.

आम्ही जोडासाठी साडेपाचशे रुपये दिले. कुष्ठरुग्णांना अशी चप्पल राष्ट्रीय कार्यक्रमातूनही मोफत मिळते, आणि येथे ज्याला परवडत नाही त्याच्याकडून पैसे घेत नाहीत. कोणी किती दिले हे रांगेतल्या दुसऱ्याला कळत नाही, इतक्या बेताने ती खिडकी बांधली आहे. बाजारात मधुमेहींसाठी म्हणून विकली जाणारी काही पादत्राणे याच्या कितीतरी पट महाग आहेत. त्यांपैकी एक जोड आम्ही आधी घेतला होता, आणि तो घेताना वडिलांच्या तळव्याकडे कोणी पाहिलेही नव्हते.

चपलेबरोबर एक शिस्त येते आणि ती पाळायची नसेल तर पैसे व प्रवास वाया जाईल. पहिल्या दिवशी चप्पल अर्धाच तास घालायची, काढून तळवा पाहायचा, लाली नसेल तरच दुसऱ्या दिवशी वेळ वाढवायचा. घालण्याआधी प्रत्येक वेळी ती उलटी करून झटकायची आणि आत हात फिरवायचा. रात्री पाय पाहायचे. ज्यांच्या पायाची कातडी कोरडी पडून घट्टे होतात त्यांना साध्या पाण्यात वीस मिनिटे पाय बुडवून, घट्टा हलक्या हाताने घासून वर तेल लावायला शिकवतात. पाणी गरम नसावे आणि ते दुसऱ्या कोणीतरी हाताने तपासलेले असावे. आमच्या घरी हे काम आईकडे आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ती चष्मा लावून वडिलांसमोर बसते आणि दोन्ही तळवे दिव्याखाली धरून पाहते. वडील आता पाय मागे ओढत नाहीत.

गेल्या महिन्यात दुसऱ्या जोडासाठी गेलो होतो. जाताना जुनी चप्पल बरोबर न्यावी लागते, नवीन घेणाऱ्या प्रत्येकाने ती न्यावी. दादांनी ती उलटी-सुलटी केली, आतल्या रबरावरचा खळगा गालाने चाचपला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, उजवीकडं अजून जोर देताय. नाताळात गाणी म्हणत घरोघर फिरलात वाटतं?" वडिलांनी मान खाली घातली. तसे ते फिरले होते, चार रात्री. दादांनी नव्या कागदावर पायाची रेघ ओढली, अंगठ्याच्या मुळाशी वर्तुळ आधीपेक्षा थोडे मोठे काढले आणि रंग विचारला. वडिलांनी तपकिरीच सांगितला.